घोळ ओळखायची, तोडायची आणि रांधायची : पहिल्यांदाच घरी आणणाऱ्यांसाठी

"काकू, घोळ आणलीय, देऊ का थोडी?" असं मी पुण्यात आल्यावर पहिल्यांदा शेजारच्या काकूंना विचारलं. त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांनी डोळे मोठे करून विचारलं, "अख्खा आणलास की तुकडी?" घोळ नावाचा मासाही असतो आणि तो किती महाग असतो, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं; मी आणली होती ती घोळ नावाची पालेभाजी. पिशवीतला हिरवा-तांबडा गुंता बघून काकूंचा चेहरा पडला. "हे तर आमच्या अंगणातलं तण," म्हणाल्या.

त्या चूक नव्हत्या. घोळ तणच आहे. कांद्याच्या वाफ्यात, फरशीच्या फटीत, कुंडीच्या कडेला, बांधकामाच्या वाळूच्या ढिगावरही ती न लावता उगवते. तरी योग्य वेळी तोडून नीट निवडली तर पालकापेक्षा मला तीच जास्त आवडते. अडचण एवढीच, की हिच्याबद्दल विचारावं तर "त्यात काय, घ्यायची आणि करायची" असंच उत्तर मिळतं. मी तशीच घेतली आणि केली. पहिल्यांदा दाताखाली वाळू, दुसऱ्यांदा शेंबडासारखा बुळबुळीत गोळा, आणि तिसऱ्यांदा निवडताना हातावर पांढरा चीक. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी हे जवळ ठेवा

- लहान कात्री किंवा खुरपं (कात्री बरी, का ते पुढे येईलच)
- सुती पिशवी. प्लॅस्टिकच्या पिशवीत घोळ तासाभरात घामेजते.
- पसरट परात आणि खोल पातेलं किंवा घमेलं, दोन्ही
- मोठ्या भोकांची रोळी
- पहिल्या खेपेला घोळ ओळखणारं एखादं माणूस. मोबाइलवरचा फोटो चालत नाही असं नाही, पण फोटोत चीक दिसत नाही.

1. नावांचा घोळ आधी मिटवा

घोळ, घोळू, मोठी घोळ ही एकाच भाजीची नावं. शास्त्रीय नाव पोर्तुलाका ओलेरासिया. 1753 मध्ये लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते नाव दिलं, आणि त्यातल्या 'ओलेरासिया'चा अर्थच भाजीची, भाजीसाठी वापरतात ती, असा आहे. म्हणजे तण म्हणणाऱ्यांना नावातच उत्तर आहे.

चिवळ ही तिची धाकटी बहीण, पोर्तुलाका क्वाड्रिफिडा. आम्ही विदर्भातले लोक चिवळीवर वाढलेले. काही घरांत तिला चिवई म्हणतात, काही ठिकाणी चिघळ. पान तांदळाच्या दाण्याहून थोडंच मोठं, वेल जमिनीला चिकटून पसरलेला, आणि पेराशी बारीक पांढरे केस. तिच्या फुलाला पाकळ्या चार, मोठ्या घोळीच्या फुलाला बहुधा पाच. दोन्ही खातात, चवही जवळपास सारखी. पण चिवळ निवडायला दुप्पट वेळ लागतो. पाहुणे येणार त्या दिवशी चिवळ आणू नका.

हिंदीत हिला कुलफा म्हणतात, काही भागांत लोनी किंवा नोनिया, गुजरातीत लूणी, संस्कृतात लोणिका. हे सांगायचं कारण म्हणजे इंटरनेटवर पाककृती शोधताना 'लोनी का साग' सापडला तर त्यात लोणी घालायचं नसतं. लोनी म्हणजे घोळच.

2. पाच खुणा, आणि पाचही जुळायला हव्यात

तीन जुळल्या म्हणून घरी आणू नका. पाचही बघा.

*देठ.* गुळगुळीत, गोल, रसाने भरलेला, बहुतेक वेळा तांबूस. अंगठ्याने दाबला तर काकडीसारखा मोडतो. त्यावर लव नसते.

*पान.* जाडसर आणि चमच्याच्या आकाराचं: देठाकडे निमुळतं, टोकाकडे रुंद नि गोलसर. कडा साध्या, दाते नाहीत. फांदीच्या टोकाला पानांचा छोटा झुबका.

*रस.* देठ तोडा आणि दहा सेकंद थांबा. पाण्यासारखा स्वच्छ थेंब आला पाहिजे. पांढरं काही दिसलं की तिथेच सोडून द्या.

*फूल.* छोटं, पिवळं, देठाशिवाय पानांच्या झुबक्यात बसलेलं. सकाळचं ऊन चढल्यावर काही तास उघडतं आणि मिटतं. दुपारी तीनला बघायला गेलात तर फूल नाही असंच वाटेल.

*बोंड.* ही माझी सगळ्यात आवडती खूण. बोंड पिकलं की त्याचा वरचा भाग डबीच्या झाकणासारखा अलगद निघतो आणि आत बारीक काळ्या बिया दिसतात. नखाने टोपी उडवून बघा, मुलांनाही फार मजा वाटते.

3. दोन तोतये

पहिला तोतया नायटी, म्हणजेच दुधी. फळभाजीतली दुधी नव्हे, जमिनीवर पसरणारं दुधाळ तण. तिच्या दोन-तीन जाती आपल्याकडे सगळीकडे असतात आणि घोळीच्या शेजारी, अगदी तिच्या फांद्यांमधून वाढतात. जमिनीवरची लहान नायटी वरून बघताना तांबूस, पसरलेली, बारीक पानांची, म्हणजे चिवळीसारखीच दिसते. पण देठ तारेसारखा बारीक नि कोरडा असतो, पान पातळ असतं, आणि मोडल्यावर पांढरा चीक येतो. हा चीक त्वचेला आणि पोटाला त्रासदायक आहे. मी तिसऱ्या खेपेला जुडीच्या जुडी आडवी धरून कापत होते, आणि मध्येच बोटं चिकट झाली तेव्हा कळलं. अख्खी भाजी टाकून दिली.

दुसरा तोतया जास्त लबाड आहे, कारण तो चिकाच्या परीक्षेत पास होतो. हा विषखापरा, शास्त्रीय नाव ट्रायान्थेमा. खरिपाच्या शेतात भरपूर. देठ रसाळ, तांबूस, पान जाडसर, रस पाण्यासारखा. मग ओळखायचा कसा? पानांची जोडी बघा. समोरासमोरच्या दोन पानांतलं एक मोठं आणि एक स्पष्टपणे लहान असतं. पानाचा देठ खोडाला मिळतो तिथे पातळ पापुद्र्याचं आवरण असतं आणि फूल त्यातच लपलेलं असतं, पांढरं किंवा गुलाबीसर, पिवळं कधीच नाही. हा पाला काही ठिकाणी खातातही, पण जून पाल्याने पोट बिघडतं. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

तिसरी गोष्ट तोतया नाही, नात्यातलीच आहे. रोपवाटिकेत लटकत्या कुंड्यांत मोठ्या रंगीत फुलांची 'पोर्तुलाका' मिळते. तिचं पान घोळीसारखंच रुंद असतं. सुईसारख्या पानांचा चिनी गुलाब, ज्याला आपण ऑफिस टाइम म्हणतो, तोही याच घराण्यातला. शोभेच्या झाडांवर काय काय फवारलेलं असतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. भाजीसाठी ती नकोत.

4. कुठून आणायची

पहिल्या दोन-तीन वेळा विकतच घ्या. मंडईत पालेभाजी घेऊन बसणाऱ्या मावश्यांकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात घोळ मिळते. मोठ्या गाळ्यांवर क्वचितच. मावशीला विचारा, "शेतातली का लावलेली?" लावलेली असेल तर उभी, लांब, मोठ्या पानांची, आपोआप उगवलेली आखूड, पसरलेली आणि जास्त आंबट. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथे गेलात तर ओळख करून देणारी माणसंही भेटतात. आदिवासी पाड्यांवरून आलेल्या बायकांना निवांत वेळ असेल तेव्हा विचारा. पाच मिनिटांत त्या जे दाखवतात ते एखाद्या लेखातून कळणार नाही, या लेखातूनही नाही.

जुडी घेताना बोंडं बघा. टोकाला बोंडांचे झुबके असतील तर भाजी जून. पानांवर पांढरे फोड असतील तर ती बुरशी, घेऊ नका.

स्वतः तोडणार असाल तर जागा निवडणं हे ओळखण्याइतकंच महत्त्वाचं आहे. घोळ खाऱ्या, निकस, घाण जमिनीतही मजेत वाढते आणि जमिनीतले जड धातू, नायट्रेट शोषून स्वतःत साठवते. म्हणून या जागा सरळ वगळा: रेल्वे रुळांच्या कडा, नाल्याचं पाणी जाणारी जमीन, गॅरेज किंवा कारखान्याच्या मागचं मैदान, महामार्गाची कड, कुत्री फिरवायची बाग. शेतातून घेणार असाल तर शेतकऱ्याला दोन गोष्टी विचारा: परवानगी आणि तणनाशक. कांद्याच्या आणि सोयाबीनच्या शेतात तणनाशक मारलेलं असू शकतं, आणि मारल्यावर पहिले काही दिवस घोळ अगदी टवटवीत दिसते. रसाळ झाडं लवकर मरत नाहीत. हिरवी दिसते म्हणून फवारलेली नाही, असं धरू नका.

परदेशातल्यांसाठी एक ओळ: अमेरिकेत मेक्सिकन दुकानात 'वर्दोलागास' मागा, युरोपात तुर्की दुकानात 'सेमिझोतु'. हीच भाजी. तुर्की लोक ती लसूण घातलेल्या दह्यात कच्ची खातात, लेबनॉनमध्ये फत्तूश नावाच्या कोशिंबिरीत घालतात. तुमच्या मागच्या अंगणात ती उगवत असेलच, कारण जगातल्या उबदार भागांत ही जवळपास सगळीकडे पोचली आहे. मूळ कुठली यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचं एकमत नाही. कोलंबसानंतर ती अमेरिकेत गेली असं पूर्वी धरत. पण कॅनडातल्या क्रॉफर्ड सरोवराच्या गाळात तिचं बी आणि पराग त्याआधीच्या थरात सापडले.

5. कधी तोडायची (हे कोणी सांगत नाही)

एकाच कुंडीतली घोळ मला एकदा चिंचेसारखी आंबट लागली आणि आठवड्याने अगदी सपक. आधी वाटलं माझीच जीभ. मग कळलं की ती वेळेची करामत आहे.

घोळीला पाणी कमी पडलं की ती दिवसा पानांची छिद्रं मिटून घेते, म्हणजे ओल उडत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड ती मग रात्री आत घेते आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते. कच्च्या सफरचंदाला आंबटपणा देणारं आम्ल तेच. दिवसभर उन्हात ते आम्ल वापरून ती स्वतःचं अन्न बनवते. म्हणजे पहाटे आम्ल सगळ्यात जास्त, संध्याकाळी सगळ्यात कमी. भरपूर पाणी मिळालेल्या झाडात हा फरक कमी जाणवतो. उन्हाळ्यात तहानलेल्या झाडात चांगलाच जाणवतो.

व्यवहारात याचा उपयोग असा: वरणात किंवा डाळीत घालायची असेल, चिंच-आमसूल वाचवायचं असेल, तर सकाळी लवकर तोडा. ताकातली करायची असेल किंवा लहान मुलांना कच्ची द्यायची असेल तर दुपार उलटल्यावर.

तोडताना मूळ उपटू नका. कात्रीने वरची चार-पाच बोटं कापा. खालून पुन्हा फुटवे येतात, आणि घरात माती येत नाही, जो खरा फायदा आहे.

6. निवडणं आणि धुणं

इथे घाई केलीत तर पुढची सगळी मेहनत मातीत. म्हणजे शब्दशः दाताखालच्या मातीत.

परातीत एकेक डहाळी घ्या. नायटी, गवताच्या काड्या, पिवळी पानं बाजूला. कोवळे देठ ठेवायचे, ते चांगले लागतात. जाड तांबडे देठ दातांना लागतील असे वाटले तर काढायचे. बोंडं शक्य तितकी खुडा. राहिली तर बिघडत नाही, पण बिया दाताखाली रेतीसारख्या वाजतात आणि खाणारा म्हणतो, धुतली नाही.

धुताना नळाखाली धरू नका. खोल पातेल्यात भरपूर पाणी घ्या, भाजी बुडवा, हलवा, दोन मिनिटं तशीच ठेवा आणि भाजी वरून उचलून रोळीत काढा. पातेलं रोळीत ओतलंत तर तळाशी बसलेली वाळू परत भाजीवरच येते. माझी पहिली भाजी अशीच गेली. पाणी बदलून असं तीनदा करा. पावसाळी घोळ असेल तर चारदा. तळाशी हात फिरवून बघा, कचकच लागली नाही की झालं.

चिरायची ती धुतल्यानंतर. आधी चिरून मग धुतली तर बुळबुळीत रस सुटतो. लगेच करायची नसेल तर धुवूच नका; सुती कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवस राहते.

7. रांधणं : ताकातली घोळ

चार माणसांना दोन मोठ्या जुड्या घ्या. परातभर दिसते आणि शिजून वाटीभर होते, म्हणून मीठ अंदाजाने आधी घालू नका. शिवाय तिची स्वतःची चवही किंचित खारट असते.

मूठभर हरभरा डाळ आणि मूठभर शेंगदाणे तीन-चार तास भिजवून कुकरला शिजवून घ्या. घोळ मात्र कुकरमध्ये नको. माझा बुळबुळीत गोळा तिथेच झाला होता. पातेल्यात चमचाभर तेलावर चिरलेली घोळ घाला आणि झाकण न ठेवता, मोठ्या आचेवर परता. पाच-सहा मिनिटांत पाणी सुटून आटतं आणि रंग गडद होतो. त्यात डाळ-दाणे घाला.

दोन वाट्या ताकात दोन चमचे बेसन गुठळी न होता कालवा. आच मंद करून ते भाजीत ओता आणि उकळी येईपर्यंत पळी फिरवत राहा. थांबलात तर ताक फुटतं. आता मीठ, सुपारीएवढा गूळ. शेवटी छोट्या कढल्यात तेल तापवून मोहरी, जिरं, हिंग, हळद, दोन सुक्या मिरच्या आणि सहा-सात ठेचलेल्या लसूण पाकळ्या लाल करून वरून ओता. लसूण कमी घालू नका. ज्वारीची भाकरी असेल तर उत्तम.

चिवळ असेल तर माझ्या आईची कोरडी पद्धत: कांदा, लसूण, हिरवी मिरची तेलावर परतायची, भिजवलेली मूगडाळ घालून एक वाफ, मग चिवळ, पाच मिनिटं, मीठ, बस. हळदसुद्धा ती घालत नाही.

8. कोणी जपून खायची

घोळीचे गुण सध्या मोबाइलवर फार फिरतात. त्यातला एक खरा आहे: पालेभाज्यांत तिच्याइतकं ओमेगा-3 (अल्फा-लिनोलेनिक आम्ल) क्वचितच कुठे मिळतं. पण माशांमधलं ओमेगा-3 आणि हे वेगळ्या प्रकारचं, त्यामुळे 'शाकाहारी मासा' वगैरे म्हणणं म्हणजे पुन्हा शेजारच्या काकूंचाच गैरसमज.

त्याच संदेशांत न लिहिलेली गोष्ट म्हणजे ऑक्झॅलेट, मूतखड्याला हातभार लावणारा एक क्षार. घोळीत ते पालकासारखंच भरपूर असतं. मूतखडा होऊन गेला असेल किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका, आणि रस काढून पिण्याचा तर विचारही नको. बाकीच्यांनी आठवड्यातून एक-दोनदा भाजी खायला हरकत नाही. उकळत्या पाण्यात टाकून ते पाणी फेकलं तर ऑक्झॅलेट कमी होतं. दह्या-ताकातलं कॅल्शियम त्याला पोटातच बांधून ठेवतं. ताकातल्या घोळीची पद्धत ज्या कोणी बाईने पहिल्यांदा काढली तिला हे रसायन ठाऊक नसणार, पण तिचा हात बरोबर पडला.

9. कुंडीत लावायची असेल तर

बिया शोधत बसू नका. विकतच्या जुडीतल्या चार बोटं लांबीच्या डहाळ्या घ्या, खालची पानं काढा, एक दिवस सावलीत सुकू द्या आणि वाळू मिसळलेल्या मातीत खोचा. आठवड्याभरात मूळ धरतात. कुंडी उथळ चालते. ऊन मात्र पूर्ण हवं. पाणी माती कोरडी झाल्यावरच. मी पहिली कुंडी लाडाने रोज पाणी घालून कुजवली. महिन्याभरात पहिली कापणी, त्यानंतर दर पंधरा दिवसांनी.

बियांपासून करायची असेल तर बी मातीत पुरू नका. ते मिलिमीटरभराचंही नसतं आणि उगवायला त्याला उजेड लागतो. मातीवर भुरभुरून हलक्या हाताने दाबा आणि पाणी शिंपडा.

सगळ्यात मोठा सापळा हा: एका मोठ्या झाडावर लाखाच्या वर बिया होऊ शकतात आणि त्या जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. बोंडं दिसू लागली की कापाच. उपटून कुंडीच्या कडेला टाकलेलं झाडसुद्धा देठातल्या पाण्यावर बिया पिकवतं, आणि ओल्या मातीवर पडलेला तुकडा पुन्हा मूळ धरतो. त्यामुळे जून झाडं घरच्या खतात टाकू नका; फरशीवर कडक वाळवा किंवा कचऱ्याच्या गाडीत द्या. शेजाऱ्यांच्या गच्चीत बाग असेल तर त्यांच्याशी संबंध टिकवण्याचाही हाच मार्ग.

पुढच्या वर्षासाठी बी ठेवायचं असेल तर बोंडं पिवळसर झालेली एकच डहाळी कागदी पाकिटात उलटी घाला. चार दिवसांत टोप्या उडून बी तळाशी जमतं. पाकिटावर नाव आणि महिना लिहा. मी लिहिलं नव्हतं. पुढच्या जूनमध्ये ते काळं बी तुळशीचं समजून वृंदावनात पेरलं, आणि श्रावणात सासूबाई पूजेला गेल्या तेव्हा त्यांना तिथे दोन जुड्यांची भाजी मिळाली.